एनॅमल की ॲक्रिलिक? आधी रंग वाळतो कसा ते पाहू

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वास्कोहून भाच्याचा फोन आला. "मामा, मॉडेलच्या पंखाला अजून बोट चिकटतंय. सहा दिवस झाले. तू ये आणि बघ."

मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याला बोगमाळोच्या रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात नेलं होतं. १९९८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाच्या आवारात जुनी विमानं उघड्यावर उभी आहेत. २०१६ मध्ये निवृत्त झालेलं सी हॅरियर आहे, १९७१ च्या युद्धात ज्या जातीची विमानं विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडाली ते सी हॉक आहे. भाचा सी हॉकपाशीच खिळला. घरी आल्यावर त्यानं त्याचं, सुटे भाग जोडून मॉडेल करायचं, १:७२ प्रमाणातलं प्लास्टिकचं किट मागवलं. म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ सेंटिमीटर इथं एक सेंटिमीटर. मूळ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ बारा मीटर, त्याच्या टेबलावर आले ते साडेसोळा सेंटिमीटरचे.

जोडणी व्यवस्थित झाली. अडलं ते रंगापाशी. एक दुकानदार म्हणाला एनॅमल घे, पक्का असतो. व्हिडिओत सांगितलं ॲक्रिलिक घ्या, वास नाही. शाळेतला मित्र म्हणाला काहीही चालतं. शेवटी त्यानं दोन्ही आणले आणि एकावर एक लावले. स्केल मॉडेल करणाऱ्या बहुतेकांची सुरुवात याच गोंधळात होते. सल्ले देणाऱ्यांचं सगळं खोटं असतं असंही नाही. प्रत्येक जण रंगाचा एकेक गुण सांगतो, आणि तो रंग वाळतो कसा हे सांगायचं राहून जातं. ते एकदा कळलं की उरलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपली आपल्याला काढता येतात, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

रंगात असतं काय?

तुळशीवृंदावनाला गेरू लावताना पाहिलं असेल. नुसता पाण्यात कालवून लावला तर वाळल्यावर हाताला लागतो. त्यात थोडा डिंक घातला की टिकतो. गेरू हा रंगकण, डिंक हा बाइंडर, म्हणजे कणांना एकमेकांशी आणि भिंतीशी धरून ठेवणारा पदार्थ, आणि पाणी हे द्रावक, म्हणजे सगळं पसरता यावं म्हणून घातलेलं पातळ. द्रावक नंतर उडून जातं, मागे उरतात ते पहिले दोन.

जवळजवळ कुठलाही रंग घ्या, ही तीन माणसं त्यात असतात. एनॅमल आणि ॲक्रिलिक यांच्यातला रंगकण बराचसा सारखा असतो. फरक आहे तो बाइंडर आणि द्रावकात.

एनॅमल वाळतो, मग मुरतो

दाराखिडक्यांना लावतात त्याला आपण ऑइल पेंट म्हणतो. मॉडेलचा एनॅमल हा त्याचाच बारीक दळलेला, नाजूक भाऊ. (निळ्या काठाच्या पांढऱ्या इनॅमलच्या ताटल्या पूर्वी घरोघरी असत, त्यांच्याशी याचं नातं फक्त चकाकीपुरतं. तो धातूवर भाजून बसवलेला काचेचा थर असतो.) हम्ब्रोल कंपनीची १४ मिलिलीटरची पत्र्याची इवली डबी हे या रंगाचं ओळखीचं रूप.

याचा बाइंडर तयार होतो वनस्पतींच्या तेलांपासून, अळशी किंवा सोयाबीनसारख्या. द्रावक असतं टर्पेंटाइनच्या जातीचं. रंग लावला की पहिल्या काही तासांत टर्पेंटाइन उडून जातं आणि हात लावला तर रंग बोटाला येत नाही. लोक याला वाळला म्हणतात. पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. उरलेलं तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि हळूहळू एक घट्ट जाळं तयार होतं.

ही गोष्ट प्रत्येक स्वयंपाकघरात घडते. एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर तेलाची वाफ बसते. आधी ती ओशट असते, काही दिवसांनी चिकट होते, आणि वर्षभर हात लागला नाही तर असा पिवळा, कडक थर बनतो की साबणानं सुटत नाही. ते तेल ऑक्सिजन पिऊन घट्ट झालेलं असतं. आपल्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल पाजतात, तेही असंच हवेत घट्ट होतं आणि लाकूड राखतं.

या दुसऱ्या टप्प्यासाठी मला लोणच्याचा शब्द योग्य वाटतो: मुरणं. एनॅमल काही तासांत वाळतो, पण मुरायला त्याला दिवस लागतात. मॅट रंगाचा पातळ हात असेल तर एखाद-दोन दिवस, चकचकीत रंगाचा जाड हात असेल तर आठवडा, कधी त्याहूनही जास्त. मुरला की मात्र तो प्लास्टिकला असा धरतो की नख मारून निघत नाही.

डबीत रंगावर साय धरते ती याचमुळे. झाकणाच्या कडेला रंग सुकून राहिला की झाकण नीट बसत नाही, फटीतून हवा आत जाते आणि वरचा थर मुरायला लागतो. ती साय ढवळून आत घालू नका. दुधावरची काढतो तशी काडीनं अलगद काढून टाका, नाहीतर तिचे तुकडे मॉडेलच्या पंखावर येऊन बसतात.

ॲक्रिलिकमधलं पाणी जाऊ द्यायचं

ॲक्रिलिक समजायला फेविकॉल पुरतो. डब्यात तो पांढरा दिसतो, वाळला की पारदर्शक होतो. कारण त्यात चिकट पदार्थाचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात, दुधात स्निग्धांश तरंगतो तसे. पाणी उडालं की गोळे एकमेकांना चिकटतात, दबतात आणि त्यांचा एकसंध पापुद्रा होतो. पाण्यावर आधारलेल्या ॲक्रिलिक रंगात हेच होतं. व्हॅलेहोसारखे ड्रॉपरच्या बाटलीत मिळणारे रंग या जातीचे.

इथं ऑक्सिजनशी देणंघेणं नाही. पातळ हात पंधरा-वीस मिनिटांत वाळतो, पूर्ण ताकद यायला एखादा दिवस. रंग ओला असेपर्यंत ब्रश नळाखाली धुतला जातो. एकदा वाळला की पाण्यानं पुन्हा विरघळत नाही, म्हणून ब्रश तसाच ठेवून जेवायला गेलात तर तो ब्रश गेला.

दुधाशी असलेलं हे साम्य आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतं. दुधात लिंबू पिळलं की ते नासतं. या रंगात आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं तर तसंच होतं: रबरासारख्या गुठळ्या होतात आणि एअरब्रशचं, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पिचकारीचं, तोंड बंद पडतं. आता गंमत बघा, टामिया कंपनीचे ॲक्रिलिक रंग याच अल्कोहोलमध्ये सुंदर पातळ होतात, कारण त्यांचं द्रावकच मुळात अल्कोहोलच्या जातीचं आहे. ते पाण्यातही मिसळतात, पण जात वेगळी. दोन्ही बाटल्यांवर शब्द एकच, ॲक्रिलिक. म्हणून माझा आग्रह असतो की ज्या कंपनीचा रंग, त्याच कंपनीचा थिनर, म्हणजे रंग पातळ करायचं द्रव, वापरायचा, निदान पहिल्या वर्षी तरी.

नावांवर विसंबू नका

ॲक्रिलिक हे बाइंडरचं नाव आहे, द्रावकाचं नाही. हार्डवेअरच्या दुकानातल्या कित्येक स्प्रे कॅनवर ॲक्रिलिक लिहिलेलं असतं आणि आत पाण्याचा थेंब नसतो. ते लॅकर असतं, म्हणजे जोरकस द्रावकात विरघळवलेला, झटकन उडणारा रंग. गॅरेजवाले ज्याला डुको म्हणतात त्याच्या घराण्यातला. जवळून मारला तर तो प्लास्टिक खातो. उलट हस्तकलेच्या दुकानात पाण्याचं एनॅमल मिळतं, तो प्रत्यक्षात चकचकीत ॲक्रिलिक असतो. टामिया तर ॲक्रिलिक आणि एनॅमल दोन्ही काढते आणि दोन्हीकडे एक्सएफ-१ म्हणजे मॅट काळा. नुसता क्रमांक सांगून मागवलं की भलतीच बाटली हातात येते.

सगळ्यात मोठा घोळ थिनर या शब्दाचा. काही वर्षांपूर्वी मी फोंड्यातल्या एका दुकानात एनॅमल पातळ करायला "थिनर द्या" म्हटलं आणि अर्धा लिटरची बाटली घेऊन आलो. घरी एका विमानाच्या पंखावरचा डाग पुसायला कापूस त्यात बुडवून फिरवला. दोन-तीन सेकंदांत पंखावरच्या बारीक रेघा नाहीशा झाल्या, पृष्ठभाग लोण्यासारखा मऊ झाला आणि कापसाचे तंतू त्यात रुतून बसले. ते एनसी थिनर होतं, फर्निचरच्या पॉलिशला वापरतात ते. त्यात टोल्यूइनसारखी द्रावकं असतात आणि किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरिन, त्यात विरघळतं. एनॅमलसाठी लागतं मिनरल टर्पेंटाइन. दुकानात हे दोन शब्द पूर्ण उच्चारा, बाटलीवरचं वाचा, आणि घरी आल्यावर किटच्या उरलेल्या चौकटीच्या तुकड्यावर आधी एक थेंब टाकून पाहा.

गोव्याच्या हवेत काय होतं?

रंगांबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक कोरड्या किंवा थंड देशांतलं. डबीवरच्या वेळा तिथल्या. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि जुलैत हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास रेंगाळते. दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत. ज्या कारणानं कपडे वाळत नाहीत त्याच कारणानं ॲक्रिलिक वाळत नाही. हवेनंच पोटभर पाणी प्यायलं असेल तर ती रंगातलं पाणी घेणार कुठून?

मग पावसाळ्यात एनॅमल बरा का? वाळण्यापुरतं पाहिलं तर थोडा बरा, त्याला ऑक्सिजन लागतो आणि तो पावसातही तेवढाच असतो. पण फार दमट हवेत चकचकीत एनॅमलची झळाळी मंदावते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एनॅमलला खिडकी उघडी हवी, आणि जुलैत खिडकी उघडली की पाऊस थेट टेबलावर. बंद खोलीत टर्पेंटाइनचा वास कोंडून डोकं धरतं. म्हणून पावसाळ्यात मी ॲक्रिलिकच वापरतो, पण हात अगदी पातळ देतो आणि दोन हातांमध्ये वीस मिनिटांऐवजी दोन तास थांबतो.

यावर एक उपाय आपल्या घरांत आधीपासून आहे. कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून कपाटात दिवा लावून ठेवण्याची पद्धत अनेकांना आठवत असेल. मी जुन्या जेवणाच्या कपाटाचा एक कप्पा यासाठी ठेवलाय: वर ४० वॅटचा तारेचा दिवा (जुन्या पद्धतीचा बल्ब), खाली जाळी, जाळीवर मॉडेल. एलईडी दिवा चालत नाही, तो पुरेसा तापत नाही. मॉडेल दिव्यापासून हातभर लांब ठेवायचं. आत हात घातला तर नुसतं कोमट वाटलं पाहिजे, जास्त तापलं की पातळ प्लास्टिक वाकतं. ॲक्रिलिक इथं तासाभरात व्यवस्थित वाळतो. एनॅमल मात्र ताजा असताना आत ठेवू नका, त्याची वाफ पेट घेणारी असते. एक दिवस बाहेर वाळू द्या, मग मुरायला आत ठेवा. उबेत तो लवकर मुरतो.

एअरब्रश वापरत असाल तर कॉम्प्रेसरला मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी छोटी बाटली, हवीच. हवा दाबली की तिच्यातलं बाष्प पाणी होऊन नळीत जमतं आणि नेमकं शेवटच्या हातात थुंकीसारखं पंखावर उडतं. कोरड्या प्रदेशात हिच्यावाचून निभावेलही, इथं नाही. लॅकर आणि झटपट उडणारे रंग तर पावसात बाटलीतच ठेवा: द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतलं बाष्प बसतं आणि रंगावर दुधाळ पांढुरकी झाक येते.

एप्रिल-मेमध्ये सगळं उलटं. पंख्याखाली ॲक्रिलिक ब्रशच्या टोकावरच वाळतो, रेघ अर्ध्यात असताना. तेव्हा झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्या कागदावर रंग, एवढी सोय केली की रंग तासन्‌तास ओला राहतो. एनॅमलला या दिवसांत त्रास धुळीचा. डिचोली-साखळीकडे राहणाऱ्यांना लाल धूळ काय असते हे सांगायला नको, आणि एनॅमल तासन्‌तास ओला राहून ती गोळा करत बसतो. रंगवून झालं की मॉडेलवर मोठा डबा थोडी फट ठेवून पालथा घालायचा.

ब्रशनं रंगवायचं असेल तर?

इथं एनॅमलची बाजू वरचढ आहे आणि ती मोकळेपणानं मान्य केली पाहिजे. तो सावकाश वाळतो म्हणून ब्रशच्या रेघा स्वतःच सपाट होऊन मिटतात. संथ पाण्यात काठी ओढली की रेघ उमटते आणि भरून येते, तसं. ॲक्रिलिक भरून यायच्या आत वाळतो आणि रेघा राहतात. त्यावर उपाय म्हणजे रंग थोडा पातळ करून दोन-तीन हात देणं. पहिला हात ठिगळठिगळ दिसतो, घाबरून त्यावर लगेच परत ब्रश फिरवू नका. टामियाच्या ॲक्रिलिकमध्ये तर दुसरा हात पहिल्याला विरघळवून उचलतो, ब्रशसाठी तो मला नावडता.

ब्रशला रंग दाटसर ताकासारखा असावा, एअरब्रशला साय काढलेल्या दुधासारखा. भांड्याच्या कडेला थेंब लावला की तो ओघळला पाहिजे आणि मागे रंगाची पुसट झिलई राहिली पाहिजे.

ॲक्रिलिकचं एक दुखणं लक्षात ठेवा: नुसत्या प्लास्टिकवर त्याची पकड कच्ची असते. चिकटपट्टी लावून काढली की रंग सोलून येतो. आधी सुटे भाग कोमट साबणाच्या पाण्यानं धुवा, साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकटपणा जातो, आणि प्रायमरचा, म्हणजे वरच्या रंगाला पकड देणाऱ्या अस्तराचा, एक पातळ हात द्या. एवढ्यानं निम्म्या तक्रारी संपतात.

"घरात उरलेला ऑइल पेंट आहे, तो का नको?"

हा प्रश्न मला दर वेळी येतो, आणि रास्त आहे. उत्तर जाडीत आहे. दाराला दिलेला ऑइल पेंटचा थर समजा ०.१ मिलिमीटर असेल. दारावर तो काहीच नाही. पण १:७२ च्या विमानावर तो खऱ्या विमानाच्या हिशेबात ७.२ मिलिमीटरचा होतो, म्हणजे विमानाला भिंतीसारखा गिलावा केल्यासारखं. पत्र्यांचे सांधे, रिवेट, झडपांच्या कडा सगळं त्याखाली बुजतं. मॉडेलच्या रंगाचे कण फार बारीक दळलेले असतात म्हणून तो पातळ असूनही झाकतो. डबी इवली असून महाग का, याचं निम्मं उत्तर तिथं आहे. हस्तकलेचे ॲक्रिलिक रंग प्रायमरवर चालून जातात, तळाची जमीन, खडक, झाडं यांना मी तेच वापरतो. विमानाच्या अंगाला नाही.

"पाण्याचा रंग म्हणजे निर्धोक ना?"

कमी धोक्याचा, हो. मुलं घरात रंगवणार असतील तर ॲक्रिलिकच द्या, यात माझ्या मनात शंका नाही. पण एअरब्रशनं उडवला की पाण्याच्या रंगाचेही सूक्ष्म तुषार छातीत जातात, आणि त्यात प्लास्टिक आणि रंगकण दोन्ही असतात. तेव्हा मास्क हवाच. एन-९५ मास्क तुषार अडवतो, टर्पेंटाइनची वाफ अडवत नाही. एनॅमल उडवायचा असेल तर कोळशाच्या डब्या असलेला मास्क लागतो, आणि हवा बाहेर टाकणारा पंखा.

टर्पेंटाइनच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. मुरताना तेल उष्णता सोडतं. ढिगात ती कोंडली तर चिंध्या आपोआप पेटू शकतात. एकेक पसरून उघड्यावर वाळवा. वापरलेलं टर्पेंटाइन काचेच्या बरणीत झाकून ठेवा, दोन दिवसांत रंग तळाशी बसतो आणि वरचं स्वच्छ पुन्हा वापरता येतं. ते किंवा ब्रश धुतलेलं रंगाचं पाणी परसात विहिरीजवळ ओतू नये, हे तर आपल्या गावात लहान मुलालाही पटेल.

आणि आखातात नोकरी करणाऱ्या नातेवाइकाला "येताना चार डब्या आण" म्हणू नका. एनॅमल, टर्पेंटाइन आणि अल्कोहोलचे रंग ज्वालाग्राही, विमानात बॅगेतून नेता येत नाहीत, गोव्यातला दाबोळी विमानतळ असो की मोपा.

दोन्ही वापरता येतात, क्रम सांभाळला तर

माझ्या मते हे दोन रंग एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत, आणि या छंदातली खरी मजा दोन्हींच्या मेळातच आहे. नियम एवढाच: खाली ॲक्रिलिक, वर एनॅमल. वाळलेल्या ॲक्रिलिकला टर्पेंटाइन काही करत नाही. त्यामुळे त्यावर एनॅमलचं काम करून, नाही आवडलं तर पुसून टाकता येतं.

मांडवी नदीतून जाणाऱ्या खनिजाच्या बार्ज, म्हणजे मालवाहू बोटी, आठवा. नांगराची साखळी ज्या भोकातून बाहेर येते तिथून खाली गंजाचा ओघळ उतरलेला असतो: वर गडद तपकिरी, खाली येत येत नारिंगी आणि शेवटी नुसती छाया. हा ओघळ ॲक्रिलिकनं काढायला गेलं की कडा कडकच राहतात. मी बार्जचं अंग ॲक्रिलिकनं रंगवतो, त्यावर चकचकीत व्हार्निश देतो, आणि ते वाळलं की भोकाच्या खालच्या ओठावर तपकिरी एनॅमलचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका ठेवतो. पंधरा मिनिटं थांबायचं. मग सपाट ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून कागदावर टिपून घ्यायचा, जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे, आणि ठिपक्यावरून सरळ खाली ओढायचा, पाणी ज्या दिशेनं ओघळतं त्याच दिशेनं. रंग पसरतो, विरळ होतो, कडा विरतात. बिघडला तर पुसा आणि पुन्हा करा. एनॅमलचा मंदपणा, जो पंख रंगवताना जीव खातो, तोच इथं कामाला येतो. विमानाच्या पत्र्यांच्या रेघांत गडद रंग भरण्याचं तंत्रही हेच.

क्रम उलटला, म्हणजे एनॅमलवर ॲक्रिलिक दिला, तर चालतं का? एनॅमल पूर्ण मुरला असेल तर चालतं. न मुरलेल्यावर दिला तर वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, खालचा अजून आकसत असतो, आणि ओल्या गिलाव्यावर चुना मारल्यासारख्या भेगा पडतात. शिवाय वरच्या थरानं हवा अडवली की खालचा मुरणार कशानं? मुरला की नाही हे ओळखायला नाक पुरतं. मॉडेल नाकापाशी धरा. टर्पेंटाइनचा वास येत असेल तर थांबा.

"वर्षानुवर्षं टिकेल कुठला?"

घासणं, हाताळणं यांना एनॅमल सहसा दाद देत नाही. पण पांढरा आणि पारदर्शक एनॅमल वर्षांनुवर्षं पिवळट पडत जातो, बंद कपाटात अंधारात ठेवला तर अधिकच. पांढरं पोट असलेलं विमान किंवा शुभ्र बोट करायची असेल तर ॲक्रिलिक घ्या. काचेच्या कपाटात ठेवायच्या मॉडेलला एनॅमलच्या कणखरपणाची फारशी गरजही नसते.

भाच्याच्या पंखाचं काय झालं?

पुढच्या रविवारी मी वास्कोला गेलो. पंख नाकाला लावला आणि कळलं. खाली करड्या चकचकीत एनॅमलचा जाड हात, दुसऱ्याच दिवशी त्यावर मॅट ॲक्रिलिक, आणि खिडक्या पावसामुळे बंद. वरच्या थराला कोरडी हवा मिळाली नाही, खालच्याला कसलीच नाही.

एनॅमल मुरला नव्हता ही एका अर्थी चांगलीच गोष्ट होती. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापसाच्या काडीवर वरचा ॲक्रिलिक सुटत गेला, मग मिनरल टर्पेंटाइननं खालचा. दोन्ही पॉलिस्टायरिनला इजा करत नाहीत. तासाभरात पंख पुन्हा कोऱ्या प्लास्टिकचा झाला, रेघा जशाच्या तशा. साबणाच्या पाण्यानं धुऊन आम्ही तो पुसला.

त्यानं विचारलं, "मग आता घेऊ काय?" त्याला मी प्रायमरसह पाण्यावरचे ॲक्रिलिक घ्यायला सांगितलं: वरच्या अंगाला गडद करडा, खालच्याला फिका, टायरला काळा आणि एक चकचकीत व्हार्निश. एनॅमलची एकच डबी, गडद तपकिरी, रेघा भरायला. ब्रिटिश नौदलाच्या विमानांवरच्या त्या गडद करड्याला एक्स्ट्रा डार्क सी ग्रे म्हणतात, हम्ब्रोलच्या एनॅमलमध्ये त्याचा क्रमांक १२३. ॲक्रिलिकची छटा जुळवायला तो क्रमांक त्याला लिहून दिला, आणि संग्रहालयात मोबाईलवर काढलेला फोटोही समोर ठेवायला सांगितलं, कारण समुद्राच्या वाऱ्यात उभं राहून तिथल्या विमानाचा करडा बराच फिका झालाय आणि त्याला तसंच हवंय.

बहिणीच्या घरच्या लोखंडी कपाटातला खालचा कप्पा आम्ही रिकामा केला. तारेचा दिवा मिळायला तीन दुकानं फिरावी लागली.